पन्नासावी धाव

एक धाव मी चोरलेली आहे. चपळ पायांनी चोरतात आणि समालोचक जिचे कौतुक करतात, ती ही नव्हे. मी ती पेन्सिलीने चोरली, दुसऱ्या माणसाच्या स्कोअरबुकात, तो माणूस पाठमोरा असताना. या गोष्टीला बत्तीस वर्षे झाली. बायकोला मी हे सांगितले नाही. वडील वकील होते. त्यांनी हजार माणसांना उलटतपासणीत उघडे पाडले असेल, पण घरातल्या साक्षीदाराला त्यांनी कधी हा प्रश्न विचारला नाही आणि ते न विचारताच गेले.

ज्यांच्या पुस्तकात मी ती धाव लिहिली, त्यांना आमच्या लीगमध्ये सगळे बाबूजी म्हणत. ते बडनेऱ्याला राहत. मालगाडीवर गार्ड होते, आणि अमरावती-अकोल्याच्या आमच्या क्लब क्रिकेट लीगचे अधिकृत स्कोअरर होते. यातली खरी नोकरी कोणती असे कोणी विचारले असते, तर त्यांनी रेल्वेचे नाव घेतले नसते. लीगचे वेळापत्रक पावसाकडे किंवा परीक्षांकडे पाहून ठरत नसे. बाबूजींच्या ड्यूटीकडे पाहून ठरे.

मैदानावर त्यांचे एक लोखंडी टेबल असे. त्यावर काळी छत्री बांधलेली, खाली माठ, आणि टेबलाच्या दोन कोपऱ्यांवर दोन झेंड्या: एक हिरवी, एक लाल. पंचाने चौकाराची किंवा षटकाराची खूण केली, की स्कोअररने ती पाहिल्याची पोच द्यावी असा क्रिकेटचा नियम आहे. ती हात वर करून देतात. बाबूजी उभे राहून हिरवी झेंडी दाखवत. झेंडी हलल्याशिवाय पुढचा चेंडू टाकायचा नाही, हा नियम कुठल्या पुस्तकात होता ते कोणी विचारले नाही, कारण लीगकडे नियमांचे एकच पुस्तक होते आणि ते बाबूजींच्या पिशवीत असे. लाल झेंडी निघाली, की खेळ थांबे. एकदा अकोल्याच्या एका नवख्या गोलंदाजाने हिरव्या झेंडीची वाट न पाहता चेंडू टाकला आणि फलंदाजाचा मधला स्टंप उखडला. बाबूजींनी तो चेंडू लिहिलाच नाही. अकोल्याचा कर्णधार तावातावाने आला, तेव्हा त्यांनी शांतपणे पेन्सिलीला टोक काढीत सांगितले, "सिग्नल नसताना गाडी पुढं घेतली त्यानं. असा अपघात आमी मोजत नाही." फलंदाज परत बोलावला गेला आणि त्याने साठ धावा केल्या. अकोल्यात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना अजून चिडतात.

या लीगचा खरा इतिहास लिहायचा झाला, तर तो निम्मा क्रिकेटचा आणि निम्मा रेल्वेचा होईल. अकोल्याच्या संघाला संध्याकाळची पॅसेंजर गाठायची असे. साडेचार वाजले, की त्यांचे फलंदाज एकामागून एक उंच फटके मारून बाद होत. ती घाई आहे की आमच्या गोलंदाजीचा प्रभाव, यावर आमच्या क्लबात बरीच वर्षे दुमत होते. बाबूजींनी ते मिटवले. अकोल्याचे गडी घाईला आले, की ते टेबलावरूनच मोठ्याने जाहीर करीत की पॅसेंजर अजून चांदूर रेल्वेलाच आहे, पन्नास मिनिटे लेट आहे, सावकाश खेळा; आणि विकेट पडायच्या थांबत. ते खोटे कधीच नसे. पण ते आमचा संघ हरत असताना कधी ऐकू आले नाही, हेही मला नमूद केले पाहिजे.

त्यांच्या लेखी माणसांची एकच ओळख असे: कोण कसा बाद झाला. तहसील कार्यालयातले एक सभ्य कारकून त्यांच्या दृष्टीने आयुष्यभर 'हिट विकेट', म्हणजे स्वतःच्याच बॅटने स्टंप पाडणारे, राहिले. आमच्या कर्णधाराच्या लग्नात मुलीच्या वडिलांनी जावयाबद्दल चौकशी केली, तेव्हा बाबूजींनी प्रामाणिकपणे सांगितले, "पोरगं चांगलं आहे. फक्त ऑफ स्टंपच्या बाहेर हात घालते." मुलीकडचे दोन दिवस अस्वस्थ होते, असे नंतर कळले.

एकदा चांदूर रेल्वेला सामना होता आणि बाबूजींना ड्यूटी बदलून मिळाली नाही. दुसऱ्याच कोणीतरी पुस्तक लिहिले. दुपारी मैदानाशेजारच्या रुळांवर सिग्नल न मिळाल्याने एक मालगाडी उभी राहिली आणि काही वेळाने निघून गेली. कोणाचे लक्ष गेले नाही. संध्याकाळी स्टेशनवरून हमालाच्या हाती चिठ्ठी आली: चौदावी ओव्हर, चौथा चेंडू, पॅडला लागला होता, बॅटला नाही, दुरुस्त करा. शेवटच्या डब्याच्या दारात उभे राहून त्यांनी तेवढी एक ओव्हर पाहिली होती. दुरुस्ती केली गेली.

आमचा एक जुना यष्टिरक्षक गेला, तेव्हा लोक हार घेऊन गेले. बाबूजी बावीस पाने घेऊन गेले. त्याच्या साऱ्या डावांची त्यांनी सुवाच्य अक्षरात नक्कल केली होती. त्याच्या बाईंनी, म्हणजे पत्नीने, पाने चाळली आणि हे 'नाबाद' म्हणजे काय, असे विचारले. बाबूजी म्हणाले, त्या दिवशी त्याले कोणी आऊट करू शकलं नाही. बाईंनी हार दारातच टांगले आणि पाने देवघरात ठेवली.

त्यांचा सारा विश्वास लिहिलेल्या गोष्टीवर होता. "मी मॅच पाहत नाही बाप्पा, मी मॅच लिवतो," असे ते म्हणत. कोणी हुज्जत घातली, की दुसरे वाक्य ठरलेले असे: "डोये फसतात, डोकं इसरते. पुस्तक ना फसत, ना इसरत." त्यांच्या पुस्तकाला दुसरा कोणी हात लावीत नसे. लावण्याची कल्पना कोणाला सुचत नसे, आणि कोणाला सुचेल अशी कल्पना त्यांना सुचत नसे. पुढचे सारे यातून घडले.

त्या वर्षी लीगचा अंतिम सामना आमचा क्लब आणि अकोला यांच्यात होता. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःविषयी माझे मत फार चांगले होते. अमरावतीच्या वर्तमानपत्रात अर्धशतक करणाऱ्याचे नाव छापून येत असे. एकोणपन्नास करणारा 'इतर फलंदाजांनी साथ दिली' या वाक्यात जाई. मी बाद होऊन टेबलापाशी आलो, तेव्हा बाबूजी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "एकोणपन्नास."

मी म्हणालो की पन्नास झाल्या. सुरुवातीला एक धाव मी पळून काढली होती. पंचाने ती लेगबाय दिली, म्हणजे चेंडू पायाला लागला असे ठरवून ती माझ्या नावावर न टाकता अवांतरात टाकली. मी म्हणालो की चेंडू बॅटला लागला होता. तो लागला होता का? खरे सांगायचे तर मला तेव्हाही खात्री नव्हती. बाबूजींनी अवांतराच्या रकान्यातल्या त्या एका धावेवर पेन्सिलीचे टोक ठेवले आणि म्हणाले, "हे पाह्य. तुह्या पायाची आहे, तुही नाही." मी त्यांच्या शेजारी पॅड सोडत बसून राहिलो.

आमच्या लीगची एक रीत होती: फलंदाजी करणाऱ्या संघातलेच दोघे पंच होत. त्या दिवशी पंचांत एक गणिताचे शिक्षक होते. ते चेंडू मोजायला खिशात मूठभर चिंचोके ठेवीत, दर चेंडूला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकीत, आणि उजव्यात सहा झाले की ओव्हर संपवीत. त्या दिवशी त्यांचा उजवा खिसा फाटलेला होता. चिंचोके विजारीतून घरंगळून काळ्या मातीत पडत होते, उजवा खिसा रिकामाच लागत होता, आणि ओव्हर काही केल्या संपत नव्हती. सातवा चेंडू पडला, आठवाही पडला. बाबूजींनी लाल झेंडी दाखवली. सरांचे लक्ष नव्हते, ते वाकून मातीत काहीतरी शोधत होते. तेव्हा जे कधी घडले नव्हते ते घडले. बाबूजी डाव चालू असताना टेबल सोडून उठले. "पुस्तकाले हात नको लावू," एवढे मला सांगून ते झेंडी घेऊन सरळ खेळपट्टीवर चालत गेले.

प्रेक्षक हसत होते. गणिताच्या शिक्षकाला आठापर्यंत मोजून दाखवणारा गार्ड सगळे पाहत होते. मी पुस्तक पाहत होतो. माझ्या नावापुढच्या ओळीत शेवटी थोडी जागा होती. मी पेन्सिल उचलली आणि तिथे एक लिहिला. आता अवांतरातला तो लेगबाय नखाने खरवडायचा, म्हणजे हिशोब जुळला असता आणि कोणाचे काही बिघडले नसते, असे मी स्वतःला समजावले होते. पण पान उलटेपर्यंत बाबूजी वळलेले दिसले. मी पेन्सिल ठेवली. लेगबाय राहिला आणि माझा 'एक'ही राहिला. एकच धाव पुस्तकात दोन जागी झाली.

डाव संपला. फळ्यावर १८६ धावा होत्या. बाबूजींनी फलंदाजांच्या आणि अवांतर धावांची बेरीज केली, ती १८७ आली. त्यांनी ती तीनदा केली. मग माझ्या ओळीवर बोट ठेवून एकेक आकडा मोजला आणि बराच वेळ ते बोट तसेच राहू दिले. त्यांना माझे एकोणपन्नास पक्के आठवत होते, पण पुस्तक पन्नास म्हणत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना जे सांगितले, ते त्या क्षणी स्वतःला सांगितले असावे. त्यांनी फळा बदलायला लावला. गोलंदाजांनी दिलेल्या धावांकडून उलटी बेरीज ते दर सामन्यात जेवणाच्या सुट्टीत करीत. त्या दिवशी ती सुट्टी आठ चेंडूंच्या भांडणात गेली. पण त्या भांडणात पडण्याआधी ते उठून माझ्याकडे आले. मी जेवत होतो. सर्वांदेखत ते म्हणाले, "तुहे पन्नास झाले होते. मीच चुकलो. माफ कर लेका."

मी म्हणालो, "चालते बाबूजी."

हे दोन शब्द मी आजवर अनेकदा मनात उच्चारून पाहिले आहेत. त्यांतला सहजपणा मला अजून थक्क करतो.

अकोल्याने १८६ धावा केल्या. एका धावेने आम्ही करंडक जिंकला, नाचलो, कर्णधाराला माठातल्या पाण्याने न्हाऊ घातले. दुसऱ्या दिवशी माझे नाव छापून आले. पण अकोल्याच्या संघाने आपल्या डायरीत स्वतंत्र नोंद ठेवली होती. त्यांनी तक्रार केली, आणि पुढच्या रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात समिती बसली. गोलंदाजांकडून बेरीज केली, ती १८६ निघाली. म्हणजे सामना बरोबरीत होता, आणि एक धाव कोणीतरी वाढवली होती.

माझे वडील समितीवर होते. मी दारापाशी उभा होतो. वडिलांनी बाबूजींना विचारले की पुस्तकात दुसऱ्या कोणी लिहिणे शक्य आहे का. बाबूजींनी पुस्तक खिडकीपाशी नेले, डोळ्यांजवळ धरले आणि माझी ओळ पाहिली. मी त्यांचे हात पाहत होतो. हजारो आकडे लिहिलेल्या माणसाला स्वतःच्या हातचा 'एक' ओळखू येत नसेल, असे मला वाटत नाही. ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "पुस्तक माह्यापाशी होतं. जबाबदारी माही."

इतिवृत्तात लिहिले गेले की स्कोअररने हेतुपुरस्सर एक धाव वाढवली. सामना बरोबरीत असूनही शिक्षा म्हणून करंडक अकोल्याला दिला आणि बाबूजींना काढून टाकले. बाबूजींच्या घरात बुद्धाची तसबीर होती, समितीतल्या बहुतेकांच्या घरांत गणपतीची होती. वर्गात याचा कोणी उच्चार केला नाही. बाहेर व्हरांड्यात, चहा पिताना, केला. मी ऐकला आणि चहा संपवला. माझे नाव तेवढे कोणाच्याही तोंडी आले नाही. वकिलाच्या मुलाला कोण विचारणार?

त्यानंतरही बाबूजी दर रविवारी मैदानावर येत. दूरच्या टोकाला बाभळीखाली खुर्ची टाकून खेळाकडे पाठ करून बसत. काहून येता, असे कोणी विचारले तर हवा खाले येतो म्हणत. अमरावतीच्या मे महिन्यात हवा खायला बाहेर पडणारे ते एकटेच असावेत. नवा स्कोअरर चुकला, की केवळ चेंडूच्या आवाजावरून त्यांना ते कळे. खुर्ची जरा करकरे, पण ते वळून पाहत नसत. मी त्यांना नमस्कार करी, ते मान हलवीत. सात-आठ वर्षांनी ते यायचे थांबले. मी विधी महाविद्यालयात शिकवू लागलो. पुराव्याचा कायदा हा माझा विषय होता, आणि कबुलीजबाबावरचे प्रकरण मी दरवर्षी नेमके पाच तासांत उरकीत असे.

गेल्या वर्षी लीगचा इतिहास छापायचे ठरले. मसुदा बरा करतो म्हणून काम माझ्याकडे आले. मदतीला एक तरुण डॉक्टर होता, आमच्याच क्लबचा सलामीचा फलंदाज. त्याने जुनी इतिवृत्ते काढली आणि ते पान उघडून आनंदाने माझ्यासमोर ठेवले. म्हणाला, "सर, हे चौकटीत टाकू. नावासकट. लोक बाकी काही वाचणार नाहीत, हे वाचतील." मी म्हणालो, जाऊ द्या. तो म्हणाला, का? माणूस अजून आहे, बडनेऱ्याला, शहाऐंशी वर्षांचा. त्याची बाजूही छापू. ज्या माणसाने साऱ्या लीगच्या धावा लिहिल्या, त्याच्याविषयी त्या लीगच्या इतिहासात एक चोरलेली धाव तेवढी उरणार होती, आणि ती छापणारा मी होतो.

त्या आठवड्यात मी पान पुन्हा लिहिले. जे घडले ते सारे, माझ्या नावासह. आणि रविवारी सकाळी ते घेऊन बडनेऱ्याला गेलो.

त्यांची मुलगी परिचारिका आहे. तिने दार उघडले आणि मला ओसरीवर बसवले. बाबूजी आरामखुर्चीत होते, खूप लहान झालेले. मी नाव सांगायला तोंड उघडले, तर ते म्हणाले, "ये एकोणपन्नास. बस."

मी बसलो. पान त्यांच्या हाती दिले. त्यांनी चष्मा लावला आणि मुलीकडे पेन्सिल मागितली. ते वाचत होते, मी जमिनीकडे पाहत होतो. पेन्सिल मधूनमधून चालत होती. तिसऱ्या ओळीत त्यांनी काहीतरी खोडले, खाली समासात काही लिहिले, आणि पान मला परत केले. ओव्हर पंचविसावी नव्हती, सव्विसावी होती. गणिताच्या सरांचे आडनाव चुकले होते. 'पश्चात्ताप' या शब्दाला त्यांनी तीन ठिकाणी गोल केला होता आणि समासात लिहिले होते: एकदा पुरे.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "छाप."

मी म्हणालो की छापतोच आहे, आणि त्यासाठीच आलो होतो. उठायला लागलो.

"बस ना," बाबूजी म्हणाले. "कागद वाचला मी. मी जिंदगीभर कागदच वाचला. तू काही बोलला नाही अजून."

मी म्हणालो, "बाबूजी, मी..." माझा आवाज मुळातच लहान, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत तो कधी पोहोचला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले, डाव्या कानामागे हात नेला, ऐकायचे यंत्र काढले आणि काळजीपूर्वक स्टुलावर ठेवले.

"जोरानं बोल. मले ऐकू येत नाही."

समोरच्या घरापुढे एक माणूस मोटारसायकल धूत होता. शेजारच्या ओट्यावर दोन बाया मेथी निवडत बसल्या होत्या. मी थोडे मोठ्याने बोललो. बाबूजींनी मान हलवली, ऐकू आले नाही म्हणून. मुलगी चहाचे कप घेऊन दारात आली होती. ती यंत्र उचलायला पुढे झाली, तर त्यांनी त्यावर हात ठेवला. मी पुन्हा बोललो. मोटारसायकलवाल्याने पाणी बंद केले.

"बत्तीस वर्ष तोंडातल्या तोंडात बोलून राह्यला तू," बाबूजी म्हणाले. "मैदानात बोलत होता तसा बोल. तिकडच्या त्या बायाले ऐकू गेलं पाह्यजे."

मी उभा राहिलो. वर्गात घासून गुळगुळीत केलेली भाषा त्या वेळी जवळ आली नाही. ज्या भाषेत मी मैदानावर धावेसाठी ओरडत असे, तीच आली. माझा एवढा मोठा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"बाबूजी, तुमच्या पुस्तकात तो एक मी लिवला होता. तुमी नाही, मी. तुमी मले माफी मागतली अन् मी जेवता जेवता ती घेतली. समितीसमोर तुमी गप राह्यले, अन् मी दारापाशी उभा राहून गप राह्यलो. माही चूक झाली, बाबूजी. मले माफ करा."